थोरलीखालचा डबा

धाकट्या दिराचं लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्या वेळी मुलीकडच्यांनी मोडलं, दुसऱ्या वेळी त्यानंच मोडलं, आणि तिसऱ्या वेळी मोडायला कोणाच्यात जोर उरला नव्हता. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता आमचे हे विटा उतरवताना फळीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. डॉक्टरांनी आत सळई घातली. घरात मोडण्याचीच साथ होती, मग ट्रकनं तरी मागं का राहावं?

ट्रकला आम्ही थोरली म्हणायचो. नाव यांनीच ठेवलेलं. ट्रक या घरात आला आणि त्यानंतर तीन वर्षांनी मी आले. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे मला अंगणात घेऊन गेले, ट्रकच्या नाकावर थाप मारली आणि म्हणाले, "ही थोरली, तू धाकटी. जमवून घ्या." तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पुढं मी तिच्याशी तीस वर्षं सवतीसारखी भांडले.

भांडण एकाच गोष्टीवरून. थोरली गळायची. विटांच्या खेपा संपल्या की हे तिला अंगणात लावायचे आणि रात्रभर तिच्या पोटाखाली डिझेल ठिबकायचं. मी फरशी घासून चकचकीत करावी आणि सकाळी त्यावर ताटाएवढा काळा डाग. शेवटी मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिच्याखाली ठेवायला लागले. सकाळी डब्यात बोटभर डिझेल जमलेलं असायचं. हे ते गाळून टाकीत परत ओतायचे. म्हणायचे, "बघ, थोरली वाया काही घालवत नाही. तुझ्यासारखी नाही."

हे पडले आणि ट्रक दिराच्या हातात आला. त्याआधी तो तीनचाकी टेम्पो चालवायचा. चाळिशीला टेकला होता, पण घरात सगळ्यांत लहान म्हणून कोणी त्याला मोठा होऊ दिलं नव्हतं. हौसेनं स्टिअरिंगवर बसला. सुरुवातीचे दिवस बरे गेले. आणि नवल म्हणजे थोरली गळायची थांबली. डबा चार दिवस कोरडा राहिला तेव्हा मी तो उचलून धुतला आणि कपड्यांचे चिमटे ठेवायला घेतला. दिराला म्हटलंसुद्धा, "भावजी, तुमच्या हाताला गुण आहे."

मग थंडी पडली. बादलीतल्या पाण्यावर सकाळी पापुद्रा धरायचा, अशी थंडी. आणि थोरली उठेना. दीर सहा वाजता चावी फिरवायचा, सेल्फ घरघरायचा, घरघरायचा, आणि गप्प. पुन्हा घरघर. अर्धा-पाऊण तास हे चालायचं, तोवर शेजारच्या घरांतल्या खिडक्या उघडायच्या. कधी धुगधुगी धरायची, कधी नाही. गंमत अशी की एकदा सुरू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. भट्टीवर तासभर थांबवून पुन्हा चावी मारली तरी लगेच चालू. सकाळीच काय तो रुसवा.

दिरानं बॅटरी बदलली. फरक नाही. सेल्फ उघडून दुरुस्त करून आणला. सेल्फ जोरात फिरायला लागला, बाकी काही नाही. मग वर्कशॉपवाला मिस्त्री आला. त्यानं डोकं घालून ऐकलं, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. म्हातारीचे गुडघे गेले. थंडीत उठायची नाही ही आता. इंजिन पुरतं उघडावं लागेल, आणि या वयात उघडण्यात काही राम नाही."

दिरानं त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला सांगितलं, शनिवारी सकाळी दहाला ये. तिसऱ्यांदा ठरलेल्या सासुरवाडीत गाडीला धक्के मारणारा जावई म्हणून त्याला ओळख नको होती. हे त्यानं स्वतःच मला सांगितलं. पलंगाशी उभं राहून भावालाही सांगितलं.

यांनी काही वाद घातला नाही. "ने," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी यांना चौकटीची काठी दिली होती, चार पायांची. दिवसातून दहादा पलंगापासून दारापर्यंत जायचं, नाहीतर पाय धरून बसेल आणि मग आयुष्य पलंगावर, असं मला बाहेर घेऊन बजावलं होतं. थोरली भंगारात द्यायचं ठरलं त्या दिवसापासून यांनी काठीला हात लावला नाही. मी म्हटलं, चला, एकदा तरी. म्हणाले, "कुठं जायचंय?" तेव्हा मला समजलं की शनिवारी भंगारवाला एकटी थोरली नेणार नाही.

बुधवारी सकाळी सेल्फची घरघर चालू होती. मी यांना चहा देत होते. भिंतीकडे बघतच हे म्हणाले, "धूर कसला येतोय?"

"मला काय माहीत?"

"मग जाऊन बघ."

मी मागं गेले, धुराच्या नळकांड्यापाशी उभी राहिले, आणि परत येऊन सांगितलं, "धूर नाही."

"पांढरा? थोडासा?"

"या चहाला आहे तेवढीसुद्धा वाफ नाही."

हे भिंतीकडून वळले. तीन दिवसांत पहिल्यांदा. "अगं, भाजी शिजली नाही तर दोन कारणं असतात. आच कमी पडली, नाहीतर भांड्यात भाजीच नाही. रिंगा गेल्या असत्या, थंडीनं बसली असती, तर डिझेल आत जाऊन न पेटता पांढरा धूर होऊन बाहेर पडलं असतं. धूरच नाही म्हणजे भांडं रिकामं. डिझेल पोचतच नाही तिच्यापर्यंत."

"मिस्त्री तर म्हणाला..."

"मिस्त्री पुढं उभा होता. मागं कोण गेलं होतं?"

मग यांनी पलंगावरून मला थोरली शिकवली. मी त्या वर्षी नुकती अक्षरं जोडायला शिकले होते, बावन्नाव्या वर्षी, बायकांच्या दुपारच्या वर्गात. हे सांगत गेले आणि मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतलं. टाकी. नळी. छोटा पंप. त्याच्या डोक्यावर दाबायची मूठ, म्हणजे हातपंप. फिल्टर. मोठा पंप. फिल्टर लिहिताना मी तीनदा खोडलं. हे म्हणाले, "कसंही लिही, वाचायचं तुलाच आहे."

बाहेर दीर बॉनेट उघडून हताश उभा होता. मी पदर खोचला आणि कागद घेऊन आत वाकले.

"वहिनी, काय शोधताय?"

"मूठ."

मूठ सापडली. दाबली तर पोकळ लागत होती, रिकाम्या पिचकारीसारखी. यांनी सांगितल्याप्रमाणे फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला आणि दाबत राहिले. आधी नुसतं फुसफुस, मग साबणासारखा फेस, मग फेसात बुडबुडे, आणि चाळीसेक दाबांनंतर स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. दिराला म्हटलं, "मारा आता."

थोरली दुसऱ्या फेरीला उठली.

दीर माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच सुरू झाले होते. मग भानावर येऊन म्हणाला, "म्हणजे हवा धरते. पण वहिनी, रोज सकाळी तुम्ही येऊन चाळीस दाब देणार काय? भट्टीवर मुक्काम पडला तर काय, तुम्हाला केबिनमध्ये घालून नेऊ?"

बोलणं खोटं नव्हतं. हवा काढली, पण ती शिरते कुठून ते कळलं नव्हतं. हे म्हणाले, "कुठला तरी सांधा सैल आहे. सात सांधे आहेत. मोजून घे." मी खडूनं प्रत्येक सांध्याजवळ आकडा टाकला. आणि सैल सांधा ओळखायची युक्ती मीच सुचवली, यांनी नाही. तेलाची बरणी पाझरते की नाही हे बघायला मी तिला बाहेरून कोरडं पीठ चोळून ठेवते. जिथं पीठ ओलं, तिथं तडा. पीठ वाया कशाला घालवा म्हणून मी पावडरचा डबा घेतला. बुधवारी संध्याकाळी ट्रक घरी आला, तसे सातही सांधे पुसून मी त्यांवर पावडर थापली.

दीर पायरीवर बसून बघत होता. "वहिनी, लग्न माझं आहे ना? मग नटवताय कुणाला?"

"तुम्हाला नटवून काही उपयोग नाही म्हणून इथं लावतेय."

गुरुवारी सकाळी सातही सांधे कोरडे. पावडर जशीच्या तशी पांढरीशुभ्र. आणि थोरली उठली नाही. पुन्हा चाळीस दाब. दीर गाडी काढून गेला. जाताना भंगारवाल्याचं काही बोलला नाही, पण त्यानं त्याला नकोही म्हणून सांगितलं नव्हतं.

मी आत येऊन पलंगाच्या कडेला बसले. हात डिझेलनं आणि पावडरीनं माखले होते. सांगितलं, कुठंच ओलं नाही.

यांनी माझ्या हातावरची पावडर बोटावर घेऊन बघितली. मग म्हणाले, "डब्यात किती होतं?"

"कुठल्या डब्यात?"

"थोरलीखालच्या."

"तो कधीच काढला मी. चिमटे ठेवलेत त्यात. गळत नाही ती आता."

"गळत नाही? कधीपासून?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून. भावजींना तेव्हाच म्हटलं होतं मी, हाताला गुण आहे."

हे कोपरावर उठले. दुखत असणार, पण उठले. "तिचं तोंड कुठं आहे?"

यांच्या खिडकीतून गल्ली दिसायची, अंगण दिसायचं नाही. पडल्यापासून यांनी थोरली फक्त ऐकली होती.

"तोंड म्हणजे?"

"नाक कुणीकडं करून लावतो तो तिला? फाटकाकडं की घराकडं?"

"घराकडं."

यांनी डोळे मिटले आणि हसायला लागले. हसताना खुब्यात कळ यायची, मग कण्हायचे आणि पुन्हा हसायचे. मला वाटलं, औषध जास्त झालं.

आमचं अंगण चढाचं आहे. फाटक खाली, घर वर. हे तीस वर्षं थोरलीला उलटी चढवून आणायचे, म्हणजे शेपूट घराकडं आणि नाक खाली फाटकाकडं. उतारावर नाक खाली असलं की टाकी वर आणि इंजिन खाली, म्हणून सैल सांध्यातून डिझेल बाहेर ठिबकायचं. दीर तिला सरळ आत घालायचा. नाक वर, टाकी खाली. आता रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरून जायचं, आणि त्याच्या जागी त्याच सांध्यातून हवा आत. ऊब होती तोवर तेवढ्या हवेनिशीही ती कशीबशी उठायची, थंडीत उठेना. बाहेर थेंब कसा दिसणार, आणि पावडर ओली कशी होणार?

"अगं, भोक आपोआप बुजत नसतं," हे म्हणाले. "गळायची तोवर ती बरी होती. गळायची थांबली तेव्हा आजारी पडली. आणि आपण खूश झालो."

आपण कसलं, मीच झाले होते. फरशी चकचकीत राहायला लागली म्हणून.

संध्याकाळी दीर आला तसं यांनी त्याला पलंगाशी बोलावलं. "सरळ का लावतोस रे तिला?"

"सगळं जग सरळच घरी येतं, दादा."

"उलटी का नाही लावत?"

दीर चपलेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चढावर मागं घेताना आरशात मला फाटक दिसत नाही. फाटकाचा खांब वाकलाय तो पाण्याच्या टँकरनं नाही वाकवला."

तो खांब वाकला म्हणून मी टँकरवाल्याशी भांडून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण ती वेळ ते काढायची नव्हती. मी फडकं घेऊन फाटकापाशी उभी राहिले, दीर गाडी बाहेर काढून वळवून आला, आणि आम्ही तिला उलटी चढवायला लागलो. हे पलंगावरूनच खिडकीला तोंड लावून नुसत्या आवाजावरून ओरडत होते, "रेस कमी कर. आता डावं. तुझं डावं नाही, तिचं डावं." चौथ्या खेपेला ती आत गेली, आणि खांबाला धक्का न लागता गेली. दीर खाली उतरला तेव्हा थंडीत त्याचा शर्ट घामानं भिजला होता. पण तोंडावर असं काही होतं की मला वाटलं, याला आता सासुरवाडीला न्यायला हरकत नाही.

मी पुन्हा पावडर थापली. डब्यातले चिमटे ओतून डबा तिच्याखाली परत ठेवला.

शुक्रवारी उजेड होताच बघितलं. सहा सांधे पांढरे, आणि पाचव्यावर करडा चिखल. डब्यात बोटभर डिझेल. चावी मारली तर पहिल्या झटक्यात उठली.

दीर म्हणाला, "झालं तर मग. अशीच उलटी लावत जाऊ."

हे म्हणाले, "आणि भोक? ते कोणाच्या नावावर ठेवायचं? खोल तो सांधा."

मी पाना लावला. सांधा म्हणजे एक पोकळ बोल्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर, म्हणजे चकती. वायसर काढून मी यांच्या तळहातावर ठेवले. कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ झाले होते. त्याचं कारण मला आणि यांना दोघांनाही माहीत होतं. दर वर्षी हे ते वायसर माझ्या शेगडीवर लाल करायचे, पाण्यात टाकायचे, दगडावर घासून गुळगुळीत करायचे आणि पुन्हा बसवायचे. "तांबं तापवलं की नवं होतं," हे यांचं ठरलेलं वाक्य. गावभर सांगायचे की तीस वर्षांत मी वायसर विकत घेतला नाही. घासून घासून ते इतके झिजले की बोल्ट पुरता आवळला तरी त्यांना दाबच बसत नव्हता.

यांनी वायसर नखानं चाचपले. मग म्हणाले, "हे मी केलंय."

"तांबं नवं होतं, नाही का?" मी म्हटलं. तीस वर्षांच्या भांडणात एवढा हक्क होता माझा.

मी तशीच वर्कशॉपला गेले. मिस्त्री चहा पीत होता. म्हटलं, "दोन तांब्याचे वायसर द्या, या मापाचे."

त्यानं जुने वायसर उजेडात धरले. "वहिनी, कोट फाटलाय आणि तुम्ही बटण शिवताय."

"कोट धड आहे. धूर नव्हता, हे तुम्ही बघितलं होतं का?"

मी नाक वर-खालीचं सगळं सांगितलं, तसा मिस्त्रीचा चहाचा हात थांबला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं ड्रॉवर उघडला, दोन नवे वायसर काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "शनिवारी मी येतो. पण नाक खाली करून सुरू केलीत तर ती फसवणूक. नाक वर, रात्रभर उभी, आणि एका सेल्फमध्ये. मग मी माझे शब्द परत घेईन."

हे ऐकल्यावर यांनी नुसती मान हलवली. शुक्रवारी संध्याकाळी नवे वायसर मीच बसवले, हवा काढली, आणि दिरानं थोरलीला सरळ, नाक घराकडं करून लावलं. त्या रात्री यांना झोप लागली की नाही माहीत नाही. मला लागली नाही.

शनिवारी बादलीतला पापुद्रा तांब्यानं फोडावा लागला. भंगारवाला दहाच्या आधीच दोर घेऊन आला. मिस्त्री आला. त्यानं बॉनेटवर हात ठेवून गार असल्याची खात्री केली, मग वाकून हातपंपाच्या मुठीभोवती ताजं डिझेल आहे का ते चाचपलं, कोणी सकाळी दाबली तर नाही ना म्हणून. शेजारचे होतेच. दीर चावी घेऊन केबिनकडे निघाला, तेवढ्यात आतून यांचा आवाज आला, "चावी धाकटीला दे."

तीस वर्षांत मी त्या जागेवर एकदाही बसले नव्हते. सीट माझ्यापेक्षा यांच्या मापाची, खोलगट. पाय पुरेना म्हणून पुढं सरकले. दिरानं खालून सांगितलं, गाडी न्यूट्रल आहे, वहिनी, घाबरू नका. मी म्हटलं, घाबरतंय कोण?

चावी फिरवली. सेल्फ एकदा घरघरला. दुसरी घरघर पुरी व्हायच्या आत थोरली धडधडून उठली, सगळं केबिन हललं, आरशात मागं पांढऱ्या धुराचा एक गोळा वर गेला आणि विरला. मग एकसारखा, संथ आवाज.

भंगारवाल्यानं दोर खांद्यावरून काढून पुन्हा गुंडाळायला घेतला. मिस्त्री बॉनेटवर कान ठेवून बराच वेळ ऐकत होता. मग सरळ झाला आणि म्हणाला, "गुडघे शाबूत आहेत. परत घेतले शब्द." आणि घराकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "दादा, हवा गाडीत नव्हती हो. तीस वर्षं तुमच्या डोक्यात होती."

"निघाली ती," उत्तर आलं. आवाज खिडकीतून आला नव्हता. मी काचेतून बघितलं. हे दारात उभे होते. चौकटीची काठी दोन्ही हातांनी धरून, एक पाय उचललेला, घामानं डबडबलेले. पलंगापासून दारापर्यंत एकटे आले होते.

मी इंजिन चालूच ठेवून खाली उतरले. हे म्हणाले, "डबा काढ आता तो. फरशी खराब होते."

भंगारवाल्याला रिकामा पाठवायचा नव्हता म्हणून त्याला वाकलेला खांब दिला. टँकरवाल्याची मी माफी मागितली. दिराचं लग्न झालं, आणि वरात थोरलीतूनच गेली. नवरीच्या दारात त्यानं तिला एका खेपेत उलटी लावली, तेव्हा नवरीपेक्षा लोक त्याच्याकडेच बघत होते. हे दोन महिन्यांनी काठी सोडून चालायला लागले, आणि वर्षभरात पुन्हा खेपा करायला लागले. दर थंडीच्या सुरुवातीला मी मिस्त्रीकडून दोन नवे वायसर आणायचे. हे जुने खिशात ठेवायचे, तापवायचे नाहीत.

यांनी पुढं सहा वर्षं गाडी चालवली. सातव्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी हे वारले.